औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांच्या भगिनींसाठी झालेलं भाषण)

पोळा जवळ आला आहे, पऱ्हाटी कमरेला लागली आहे आणि घरोघरी फवारणीचे पंप बाहेर निघाले आहेत. अशा दिवसांत मी इंग्रजीचं व्याकरण घेऊन बसले, तर 'या बाईला दुसरं काही सुचत नाही का' असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण वीस मिनिटं रेडिओ बंद करू नका. हातातलं काम सोडायची गरज नाही, भाजी निवडता निवडता ऐका.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. आता निवृत्त आहे. मागच्या हंगामात आमच्या गावच्या गटाची बैठक होती. एक ताई पिशवीत फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन आली. सोबत तिची सातवीतली लेक. ताई कौतुकानं म्हणाली, "मॅडम, हे पोरगी इंग्रजी कशी वाचते पाहा. मराठीचा कागद तं फाटला, पण हिले सारं समजते."

पोरीनं बाटलीवरचं घडाघडा वाचलं. "कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन." एक अक्षर चुकलं नाही. मी विचारलं, बेटा, अर्थ सांग. ती लगेच म्हणाली, "कीप म्हणजे ठेवणे. रीच म्हणजे पोहोचणे. चिल्ड्रन म्हणजे मुलं. मुलांचा हात पोहोचेल असं ठेवा."

बाया हसल्या. ताईही हसली आणि म्हणाली, "मी तं तसंच ठेवतो, खिडकीत." मग मात्र कोणी हसलं नाही.

मला त्या पोरीचा राग आला नाही, स्वतःचा आला. तिनं सांगितलेला एकेक शब्दार्थ बरोबर होता. कीप, रीच, चिल्ड्रन, तिन्ही बरोबर. आणि सगळं मिळून जो अर्थ निघाला तो नेमका उलटा. कारण मधले तीन बारके शब्द, आउट, ऑफ आणि परत ऑफ, तिनं गाळून टाकले होते. आणि ते गाळायला तिला आम्हीच शिकवलं. शब्दार्थाच्या वहीत आम्ही मोठमोठे शब्द लिहून देतो. 'ऑफ'चा अर्थ कोण लिहून देतं? आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज घरोघरी इंग्रजी वाचणारं एक तरी लेकरू आहे आणि त्याच्या वाचण्यावर घर विसंबून असतं. म्हणून हे बोलणं.

२०१७ साल आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. त्या पावसाळ्यात आणि पुढच्या काही महिन्यांत फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. त्यामागची कारणं बरीच होती. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळे फवारा तोंडावर. दोन-तीन औषधं एकत्र केलेली. हातात मोजे नाहीत, तोंडाला फडकं नाही. कोणी इंग्रजी न समजल्यामुळे गेलं, असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण बाटलीवर काय लिहिलं आहे ते घरात एकालाही नीट कळत नसेल, तर उरलेली काळजी कशी घ्यायची हेही कळत नाही.

तुम्ही म्हणाल, मराठीत लिहिलेलं नसतं का? असतं. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे औषधासोबतचं पत्रक इंग्रजी, हिंदी आणि त्या भागातल्या भाषेत हवं. म्हणजे आपल्याकडे मराठीत. ते पत्रक तुमचा हक्क आहे. कृषी सेवा केंद्रात बाटलीसोबत पक्कं बिल मागता तसं पत्रकही मागून घ्या. पण आपण सगळ्या जाणतो की ते पत्रक दहा घड्यांचं, अक्षर मुंगीएवढं, आणि पहिल्याच दिवशी वावरात ओलं होऊन जातं. मागे उरते बाटली आणि तिच्यावरचं इंग्रजी.

चला तर. पहिली गोष्ट, आपली भाषा आणि त्यांची भाषा यांत फरक काय?

आपण शब्दाला मागून शेपूट लावतो. पाणी, पाण्यात. घर, घरापासून. साबण, साबणानं. वऱ्हाडात आपण 'मले' म्हणतो, पुण्याकडे 'मला' म्हणतात. शेपूट वेगळं, पण जागा तीच, मागे. आणि क्रियापद, म्हणजे काम सांगणारा शब्द, आपण अगदी शेवटी ठेवतो. हात धुवा. बाटली ठेवा. ज्यांच्या घरी कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोली बोलतात त्या मैत्रिणींनीही मनातल्या मनात ताडून पाहा. तुमच्याकडेही काम सांगणारा शब्द शेवटीच येतो.

इंग्रजीत हे उलटं आहे. शेपूट नाही, त्याऐवजी बारका शब्द, आणि तो नावाच्या पुढे चालतो, बैलाच्या पुढे कासरा धरून चालणाऱ्या पोरासारखा. पाण्यात म्हणजे 'इन वॉटर'. खाण्यापासून म्हणजे 'फ्रॉम फूड'. साबणानं म्हणजे 'विथ सोप'. आणि कामाचा शब्द सुरुवातीलाच.

यातून एक युक्ती निघते, ती मी पोरांना फार उशिरा सांगायला लागले. बाटलीवरचं वाक्य शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा. पाहा हं. 'कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन.' शेवटी काय? चिल्ड्रन, मुलं. त्याच्या आधी 'ऑफ', म्हणजे 'च्या'. मुलांच्या. त्याच्या आधी रीच, हाताची पोच. त्याच्या आधी 'आउट ऑफ', बाहेर. आणि सर्वांत आधी कीप, ठेवा. मुलांच्या हाताच्या पोचेबाहेर ठेवा. झालं मराठी.

दुसरं घ्या. 'वॉश हँड्स विथ सोप आफ्टर स्प्रेइंग.' मागून चला. स्प्रेइंग, आफ्टर: फवारणीनंतर. सोप, विथ: साबणानं. हँड्स: हात. वॉश: धुवा. फवारणीनंतर साबणानं हात धुवा. तिसरं, 'कीप अवे फ्रॉम फूड.' फूड, फ्रॉम, अवे, कीप. खाण्यापासून दूर ठेवा. जणू आपलंच वाक्य कोणी आरशात धरलं आहे.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही, हेही सांगून ठेवते. वाक्यात काम करणारा माणूस असेल तर तो इंग्रजीतही पुढेच असतो आणि आपल्याकडेही. 'इफ', म्हणजे 'जर', तोही दोन्हीकडे पुढे. पण बाटलीवरची वाक्यं बहुतेक हुकमाची असतात. त्यांत करणाऱ्याचं नाव नसतंच, कारण करणारी तुम्ही, वाचणारी. म्हणून तिथं वाक्य थेट कामाच्या शब्दानंच सुरू होतं. ठेवा, धुवा, घाला. खरं तर 'ठेव' की 'ठेवा' हेही इंग्रजी सांगत नाही, लहानमोठं त्यांच्याकडे एकच.

हुकमात एक धोका आहे. आपण नकार शेवटी देतो. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, यातलं 'नका' शेवटी येतं. इंग्रजीत नकार सर्वांत आधी येतो: 'डू नॉट स्प्रे अगेन्स्ट द विंड.' शेवटचंच लक्षात ठेवायची आपल्या कानाला सवय, त्यामुळे पोरं स्प्रे आणि विंड पकडतात आणि पहिलं 'डू नॉट' सुटतं. म्हणून वाक्य मागून वाचा, पण त्याआधी पहिले दोन शब्द पाहून घ्या. 'डू नॉट', 'नेव्हर', 'अव्हॉइड' यांपैकी काही दिसलं की समजा, पुढे जे लिहिलं आहे ते करायचं नाही.

आणि 'अगेन्स्ट' म्हणजे विरुद्ध. त्याच जागी 'विथ' घातलं की 'विथ द विंड', वाऱ्याच्या सोबत. स्प्रे तेच, विंड तेच. एका बारक्या शब्दानं फवारा पिकावर जातो की तुमच्या धन्याच्या तोंडावर येतो, ते ठरतं.

आता कोणी हुशार मैत्रीण म्हणेल, मॅडम, 'विथ' म्हणजे एकदा साबणा'नं' सांगितलं आणि आता वाऱ्या'सोबत'. एक काय ते ठरवा. बरोबर पकडलं. पण आपलं 'नं' तरी कुठे एक आहे? साबणानं हात धुतले, इथं इंग्रजीत 'विथ'. एसटीनं यवतमाळला गेले, इथं 'बाय'. पोरीनं भाकर केली, इथं इंग्रजीत काहीच नाही, पोरीला नुसतं वाक्यात पहिल्या जागी बसवायचं. तीन ठिकाणी आपलं एकच शेपूट, त्यांच्याकडे तीन तऱ्हा. म्हणून 'विथ म्हणजे ने' असं पाठ करण्यात फायदा नाही. 'विथ सोप', 'विथ द विंड' असे जोडीनं लक्षात ठेवा. बारका शब्द एकटा कधी शिकू नये.

पोरीला पहिल्या जागी बसवायचं म्हटलं, तेही जरा उलगडते. आपण 'गाय वासराला चाटते' म्हणतो, 'वासराला गाय चाटते' असंही म्हणतो. अर्थ बदलत नाही, कारण वासराच्या मागे 'ला' बांधलेला आहे. इंग्रजीत तो 'ला' नाही. 'द काऊ लिक्स द काफ' म्हणजे गाय चाटते. जागा बदलली की वासरू चाटायला लागतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नावांना आपल्यासारखी शेपटं होती, पुढे ती झिजून गेली. मग कोण करतं आणि कोणाला करतं हे सांगायला जागाच उरली. बाटलीवरचं वाक्य मागेपुढे करून चालत नाही ते त्यामुळे.

शेपटांची ठळक खूण एका ठिकाणी शिल्लक राहिली आहे. ती म्हणजे सर्वनामं. मी, तो, ती, ते. आणि इथं आपल्या पोरांची मोठी गंमत होते. इंग्रजी 'मी' म्हणजे आपलं 'मला'. आपलं 'मी' म्हणजे त्यांचं 'आय'. इंग्रजी 'ही' म्हणजे तो, आणि आपली 'ही' तर बाई. 'शी' म्हणजे ती. हे शिकवताना पहिलीचा वर्ग दहा मिनिटं खिदळत असे, आणि मी दर वर्षी तेवढा वेळ धरूनच ठेवत असे.

कामाच्या शब्दाच्या आधी, करणारा म्हणून आला तर आय, ही, शी, वी, दे. कामाच्या शब्दानंतर किंवा बारक्या शब्दानंतर आला तर मी, हिम, हर, अस, देम. आपणही हेच करतो. 'तो' एकटा असतो तोवर 'तो', शेपूट लागायची वेळ आली की 'त्या': त्याला, त्याच्यापासून, त्याच्यावर. इंग्रजीत 'हिम' म्हणजे आपलं 'त्या' समजा. टू हिम, फ्रॉम हिम, ऑन हिम. 'यू' आणि 'इट' हे दोन मात्र कुठेही गेले तरी बदलत नाहीत.

'इट'बद्दल थोडं जास्त बोलायचं आहे. आपल्याकडे पंप 'तो', बाटली 'ती', औषध 'ते'. 'ती धुवा' म्हटलं की कळतं, बाटली. 'तो धुवा', पंप. इंग्रजीत निर्जीव वस्तू सगळ्या 'इट'. तिन्ही एकच. म्हणून 'इट' दिसलं की थांबायचं, मागच्या वाक्यात जायचं आणि विचारायचं, कोण? तिथं कोणती वस्तू आहे ते पाहून मगच पुढे. आणि 'इट' आणि बारका शब्द यांची जागा बदलली तर काय होतं बघा. 'पोअर इट इन वॉटर', ते पाण्यात ओता. 'पोअर वॉटर इन इट', त्यात पाणी ओता. शब्द तेच चार. एकात औषध पाण्यात जातं, दुसऱ्यात पाणी औषधाच्या बाटलीत.

आता तुम्हाला सर्वांत अवघड वाटेल असा भाग, आणि मला वाटतं तुम्हाला तो आधीच येतो. इंग्रजीत बारका शब्द कधी कधी नावाच्या पुढे न चालता कामाच्या शब्दालाच चिकटतो आणि त्याचा अर्थ बदलून टाकतो. 'पुट' म्हणजे ठेवणे. 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणे. 'टेक' म्हणजे घेणे. 'टेक ऑफ' म्हणजे अंगातून काढणे. आता आपलं 'अंग' पाहा. अंगात येणे, अंगावर येणे, अंगाशी येणे. कामाचा शब्द एकच, येणे. पण देवीच्या मंदिरात बाईच्या अंगात येतं. कुत्रं अंगावर येतं. आणि कर्जाला जामीन राहिलो की ते अंगाशी येतं. यातल्या एकाचाही अर्थ शेजारच्या बाईला विचारावा लागतो का? नाही. शेपूट बदललं की अर्थ बदलतो, हे आपल्याला आईच्या दुधासोबत मिळालं आहे. इंग्रजीतही तेवढंच आहे. पोरांना सांगा, पुट आणि पुट ऑन हे दोन वेगळे शब्द म्हणून वहीत लिहा.

यात सर्वनाम कुठे बसतं? मोजे म्हणजे ग्लव्हज. 'पुट ऑन द ग्लव्हज' चालतं, 'पुट द ग्लव्हज ऑन'ही चालतं. पण मोज्यांचं नाव न घेता 'ते घाला' म्हणायचं असेल तर 'पुट देम ऑन'. देम मधेच. 'पुट ऑन देम' असं म्हणत नाहीत. तसंच 'टेक देम ऑफ', कपडे उतरवा. 'वॉश इट ऑफ', ते धुऊन काढा.

पण 'लुक आफ्टर हिम', त्याची काळजी घे, यात हिम मधे येत नाही, शेवटीच राहतो. असं का? बारका शब्द कोणाच्या दावणीला बांधला आहे ते पाहायचं. 'पुट ऑन'मधला ऑन 'पुट'च्या दावणीचा आहे, म्हणून देम मधे शिरू शकतो. 'आफ्टर हिम'मधला आफ्टर हा हिमचा, तो त्याच्या पुढेच चालणार. ओळखायचं कसं, तर वाचून वाचून. आम्हालाही नियम पाठ नव्हते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेले आमचे गुरुजीसुद्धा 'कानाला विचार' एवढंच सांगत. लुकचंच बघा ना. 'लुक ॲट हिम', त्याच्याकडे पाहा. 'लुक फॉर हिम', त्याला शोधा. 'लुक आफ्टर हिम', त्याला सांभाळा.

'ऑफ' या शब्दात एक फसगत आहे. मराठीत लिहिताना दोन्ही सारखेच लिहितो, पण बाटलीवर एक 'ऑफ' एका एफचा असतो आणि दुसरा दोन एफचा. एका एफचा म्हणजे चा, ची, चे. दोन एफचा म्हणजे वरून काढून, दूर. लेकराला एफ मोजायला सांगा.

रिकाम्या बाटल्यांबद्दलही नियम आहे. त्या उघड्यावर टाकून देऊ नयेत, म्हणजे कोणी परत वापरणार नाही. फोडून वस्तीपासून दूर पुराव्यात. इंग्रजीत तिथं 'नॉट बी लेफ्ट आउटसाइड' असे शब्द येतात. आमच्या त्याच पोरीनं सांगितलं, "लेफ्ट म्हणजे डावा. बाहेर डाव्या बाजूला ठेवू नका." मग मी विचारलं, उजव्या बाजूला चालेल का? विचार करून म्हणाली, "चालत असंन." हा 'लेफ्ट' डावा नाही, तो 'लीव्ह' म्हणजे सोडून देणे या शब्दाचं रूप आहे. आणि ओळखायची खूण परत बारकी: त्याच्या आधी 'बी' आहे, म्हणून तो कामाचा शब्द. पुढे 'अवे फ्रॉम हॅबिटेशन' येतं. आता मागून वाचा बरं. हॅबिटेशन, वस्ती. फ्रॉम, पासून. अवे, दूर. आलं ना? या रिकाम्या डब्यांत घासलेट, तेल, कुठे कुठे पिण्याचं पाणीसुद्धा भरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फोडून टाका म्हणतात ते त्यासाठीच.

पत्रकावर मात्रेच्या रकान्यात एक 'पर' असतो. तो हिंदीतला पर नव्हे. 'पर' म्हणजे दर. 'पर हेक्टर', दर हेक्टरी. आपण वावर मोजतो एकरात आणि पत्रकावर मात्रा असते बहुधा हेक्टरला. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. 'पर'च्या पुढचा शब्द न पाहता आकडा तेवढा उचलला, तर एका एकरात अडीच पट विष जातं. पैसाही जातो.

विष म्हटलं मी. आपण त्याला औषध म्हणतो, साऱ्या जिल्ह्याची सवय आहे ती, मलाही आहे. 'औषध घेतलं' या दोन शब्दांचा आपल्याकडे काय अर्थ होतो, ते ऐकलं की कोणाच्या घरी धावत जावं लागतं, हे मी सांगायला नको. बाटलीवर औषध लिहिलेलं नाही. तिथं चौकोन टोकावर उभा केलेला असतो, खालच्या अर्ध्यात रंग. लाल असेल तर सर्वांत जहाल, वर कवटी आणि 'पॉइझन', विष. पिवळ्यावरही 'पॉइझन'च. निळ्यावर 'डेंजर', धोका. हिरव्यावर 'कॉशन', सावधान. हिरवा म्हणजे निर्धोक नाही, कमी विषारी एवढंच. हे वाचायला व्याकरण लागत नाही, पण खिडकीतल्या बाटलीचा रंग आज घरी जाऊन पाहा.

लाल खुणेच्या बाटलीवर आणखी एक वाक्य सक्तीचं आहे: 'इफ स्वॉलोड, ऑर इफ सिम्प्टम्स ऑफ पॉइझनिंग ऑकर, कॉल फिजिशियन इमिजिएटली.' घाबरू नका, तुकडे करू. 'इफ स्वॉलोड', जर गिळलं गेलं तर. कोणी गिळलं, काय गिळलं, काहीच लिहिलेलं नाही. ना 'ही', ना 'इट'. जागा वाचवायला गाळलं आहे, ते आपण मनात भरायचं. ऑर म्हणजे किंवा. 'सिम्प्टम्स ऑफ पॉइझनिंग' मागून वाचा, विषबाधेची लक्षणं. ऑकर, दिसली. म्हणजे गिळलंच पाहिजे असं नाही. नुसतं अंगावर पडून, नाकातोंडात जाऊन लक्षणं दिसली तरीही. आणि मग काम: कॉल फिजिशियन, डॉक्टरला बोलवा. इमिजिएटली, ताबडतोब. सकाळपर्यंत वाट पाहायची असं कुठेच नाही. आपल्याकडे डॉक्टर घरी येत नाही, आपणच जातो, तर १०८ ला फोन करा.

प्रथमोपचारात उलटीबद्दलचं वाक्य फार जपून वाचायचं. काही पत्रकांवर उलटी करवा असं असतं, काहींवर करवू नका असं असतं. औषध पाहून ते बदलतं. इंग्रजीत दोन्ही वाक्यांत 'इंड्यूस व्हॉमिटिंग' हेच शब्द दिसतील. फरक फक्त पुढच्या 'डू नॉट'चा. ते दोन शब्द बोटाखाली झाकले गेले तर अर्थ फिरतो. म्हणून आपल्या मनानं मिठाचं पाणी पाजत बसू नका. भिजलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्यानं धुवा, माणसाला गाडीत घाला, आणि पत्रक किंवा लेबल सोबत न्या. कोणतं विष आहे ते डॉक्टरला त्यावरूनच कळतं. कपडे काढताना-धुताना तुमच्या हातात मोजे असू द्या. फवारणाऱ्याचे कपडे धुणारी आपणच असतो, आणि पंपासाठी पाणी आणून देणारीही. ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. 'वॉश देम सेपरेटली' दिसलं तर देम म्हणजे ते कपडे, सेपरेटली म्हणजे वेगळे.

त्या ताईच्या घरी मी पुढच्या आठवड्यात गेले होते. बाटली खिडकीतून गेली होती. धान्याच्या खोलीत नाही, स्वयंपाकघरात नाही. गोठ्याच्या बाजूला पत्र्याची जुनी पेटी आहे, तिला कुलूप लावून ठेवली होती. किल्ली ताईच्या कमरेला. पेटीवर पोरीनं खडूनं लिहिलं होतं, मराठीत, 'मुलांच्या हाताच्या पोचेबाहेर'. खाली इंग्रजीत तेच, आणि 'आउट' आणि 'ऑफ' तिनं लाल खडूनं. एका एफचा ऑफ, मी मोजून पाहिला.

पुढच्या महिन्यात तुमच्या गटाची बैठक असेल तेव्हा घरातलं एक पत्रक घेऊन या आणि इंग्रजी वाचणारं एक लेकरू. चार ओळी पुरेत. आधी मुलांना बारके शब्द शोधून त्यांच्याभोवती गोल करू द्या, मग ओळ मागून वाचायला सांगा, आणि शेजारी मराठी पत्रक ठेवून ताडून पाहा. अडलं तर रेडिओला चिठ्ठी पाठवा, मी उत्तर देईन. फक्त पत्रक आणा हं, बाटली पिशवीत घालून आणू नका.